बरणीतल्या पंतांचा मुजरा

सोनगिरीच्या थोरल्या महाराजांचं सोमाजीपंतांवाचून पान हलत नसे. म्हणून पंत मरायला टेकले तेव्हा राजवैद्यांनी त्यांचा मेंदू जिवंतच काढला आणि औषधी पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत ठेवला. पितळी कर्ण्यातून पंत बोलत. सल्ला हवा असला की लोक यायचे, सल्ला मिळाला की निघून जायचे. "पंत, कसे आहात?" एवढं मात्र कोणी विचारत नसे.

थोरले महाराज गेले. त्यांचे चिरंजीव रणधवल गादीवर बसले, आणि पहिल्याच दरबारात त्यांची नजर बरणीवर गेली.

"सगळ्यांनी मुजरा केला. या लोणच्याने का नाही केला?" दरबार खो खो हसला. "पंत, आत्ताच्या आत्ता मुजरा करा, नाहीतर ही बरणी नदीत रिकामी करतो!"

कर्णा खरखरला. "महाराज, मुजऱ्यात काय करायचं असतं?"

"धन्यापुढे डोकं खाली करायचं!"

"ही मंडळी डोकं खाली करतात आणि तेच पुन्हा उचलून घरी नेतात. मी तुमच्या वडिलांसाठी माझं डोकं कायमचं उतरवून ठेवलं. ते अजून परत मागितलेलं नाही."

हसणं थांबलं. महाराजांनी दरबार उठवला, पण स्वतः बरणीपाशी घुटमळले. "चुकलो, पंत. काय हवं ते मागा."

"उद्या पुन्हा या आणि असेच रागवा," पंत म्हणाले. "सल्ला मागायला पुष्कळ येतात, महाराज. माझ्याशी भांडायला किती वर्षांनी आज कोणी आलं."