तळहातावरचा फोड

एकदा एका लहान गावात एक वृद्ध गायनगुरू राहत असत. सारे गाव त्यांना बुवा म्हणे. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांत एक अबोल मुलगी होती. आवाज बारीक आणि नजर त्याहून बारीक, असे बुवा तिच्याबद्दल म्हणत.

संध्याकाळची शिकवणी संपली की बुवांच्या ओसरीवर टीव्हीसमोर शेजारीपाजारी जमत. त्या वर्षी एका मालिकेने गावाला वेड लावले होते. असितराज नावाचा एक देखणा पिशाच्चराजा मृण्मयी नावाच्या मुलीला पाताळातल्या आपल्या महालात आणून ठेवतो आणि तिच्याशी लग्न करतो, अशी ती कथा होती. महालाला दारे अनेक होती, पण किल्ल्या एकट्या राजाच्या कमरेला. मृण्मयीने पळून जायचा प्रयत्न केला की तो तिच्या कपाळावर बोट ठेवी, आणि ती माहेरचे एकेक माणूस विसरून जाई. आता तिला फक्त आई आठवत होती. मग तो तिच्यासाठी काळी कमळे आणी आणि हळू आवाजात म्हणे, "राणी, या महालाबाहेर तुझं कोण आहे?"

यावरून ओसरीवर दोन तट पडले होते.

"शापित आहे हो बिचारा," कुसुमकाकू म्हणत. "त्याला लहानपणी कुणी माया लावली नाही. तो तरी काय करणार?"

"माया नाही मिळाली म्हणून बायकोला कोंडायचं?" औषधाच्या दुकानातला दिगंबर उसळे. "मलाही लहानपणी कुणी लाडू दिले नाहीत. म्हणून मी तुमचा डबा पळवला का, काकू?"

"तू पळवलास की! गेल्या दिवाळीत!"

हशा पिके. मग कुणीतरी म्हणे, "अहो, तो पिशाच्च आहे. पिशाच्चाला माणसाची नीती कशी लावायची?" आणि वाद पुन्हा पेटे.

तो अधिक महिना होता, धोंड्याचा. या महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे वाढायचे, त्याला मान द्यायचा, अशी रीत. त्यासाठी त्या अबोल मुलीची थोरली बहीण सासरहून चार दिवस आधीच माहेरी आली होती. जावई रविवारी येऊन, धोंडे जेवून, तिला परत नेणार होता. ताई लग्नाआधी मोठ्याने हसत असे. आता हसण्याआधी ती फोनकडे पाही. धाकटीने हे पाहिले होते, पण कुणाला सांगायचे आणि काय सांगायचे, ते तिला कळत नव्हते. मारल्याचा वळ नव्हता. जावई तर गोडबोल्या होता.

शनिवारी ताईही तिच्याबरोबर ओसरीवर आली, आणि सर्वांपेक्षा मोठ्याने असितराजाची बाजू घेऊन भांडू लागली.

"तुम्हाला दिसत नाही का? तळहातावरच्या फोडासारखं जपतो तो तिला! बाहेरचं जग वाईट आहे, म्हणून दारं लावतो. प्रेम असल्याशिवाय कोण एवढं करतं?"

"ऐका! लग्न झालेली पोर सांगतेय," कुसुमकाकू म्हणाल्या. "दिगंबर, तुझं अजून ठरलंसुद्धा नाही. तू गप्प बैस."

पडद्यावर असितराजाने मृण्मयीचा हात हातात घेतला. व्हायोलिन आणि बासरीचे सूर एकदम भरून आले. कुणाचे डोळे पाणावले. तेवढ्यात बुवा उठले, आणि त्यांनी रिमोट उचलून आवाज पार बंद केला.

"अहो बुवा! आत्ताच कुठे रंग भरत होता!"

"काय हे! ऐन वेळी!"

बुवांनी फक्त मृण्मयीच्या हाताकडे बोट केले.

मुलीने पाहिले. संगीत नसताना तो राजा नुसता एक उंच माणूस होता आणि एका बाईच्या फार जवळ उभा होता. तो हसत होता. तिचा एक हात त्याच्या हातात होता. दुसरा पदराशी होता, आणि त्या हाताचा अंगठा तिने मुठीत घट्ट दाबून धरला होता.

त्या शांततेत ताईचा फोन वाजला. ताई अशी दचकली की मांडीवरची शेंगांची वाटी सांडली. "आधीही वाजला वाटतं, गोंगाटात ऐकूच आला नाही," असे पुटपुटत ती उठली. "हो... अहो, बुवांकडेच आहे. नाही हो, खरंच. फोटो पाठवते, लगेच पाठवते."

"बघा, नवरा किती काळजी करतो," कुसुमकाकू कौतुकाने म्हणाल्या.

मुलगी मात्र ताईच्या दुसऱ्या हाताकडे पाहत होती. अंगठा मुठीत होता.

सगळे कुरकुरत पांगले. ताई पुढे गेली. मुलगी शेंगा गोळा करत मागे रेंगाळली आणि अखेर धीर करून म्हणाली, "बुवा, तुम्ही आवाज का बंद केलात?"

"तू काय पाहिलंस ते आधी सांग."

"तिचा अंगठा."

"कालही तो तसाच होता. परवाही होता. तेव्हा का दिसला नाही?"

मुलगी म्हणाली, "संगीत त्याच्या बाजूचं होतं."

बुवांनी मान डोलावली. "बाळ, मी जन्मभर पेटीची साथ केली. हुंदक्याखाली योग्य सूर धरला तर ऐकणाऱ्याला तो लाडिक रुसवा वाटतो. माणसंही असे सूर धरतात. कुणी काळजीचा धरतं, कुणी शापाचा, कुणी दुःखी बालपणाचा. सूर खोटा असतोच असं नाही. पण त्याच्याखाली काय चाललं आहे, ते त्यामुळे ऐकू येत नाही. आणि तळहातावरचा फोड म्हणतात, तर एवढंच पाहावं, की धक्का लागला तर कळ कुणाला येते? ज्याच्या हातावर फोड, त्याला. तो तिला फोडासारखं जपत असेल, तर कळ त्याला यायला हवी. इथे दचकते ती. राजा खोटा आहे गं, पिशाच्चही खोटं. पण तो अंगठा त्या नटीनं कुठल्या तरी खऱ्या बाईच्या हातात पाहिला असेल."

मुलीने हातातल्या शेंगा वाटीत टाकल्या. "बुवा, मला भीती वाटते. मी बोलले आणि कुणी खरं मानलं नाही तर? आणि त्याने मग तिलाच..."

"भीती वाटणारच. एकटीने लढायला जाऊ नकोस. पण भीती वाटते हे झाकून ठेवू नकोस. आधी आईला सांग."

त्या रात्री तिने आईला सांगितले. आई पुरण शिजवत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा फिरू लागला. "नवीन संसार असतो गं. माणूस हळवा असतो एखादा," ती म्हणाली. पण नंतर बराच वेळ ती पातेल्यात पाहत राहिली.

रविवारी दुपारी जावई आला. वडिलांनी त्याला पाटावर बसवले. धोंड्यांवर तुपाची धार पडली. कौतुक बघायला कुसुमकाकू आल्या होत्या, आणि मालिकेचा कालचा भाग पुन्हा लागतो म्हणून त्यांनी टीव्ही मोठ्याने लावला होता. ताई वाढायला वाकली. जावई हसतमुखाने तिच्याशी हळूच काही बोलू लागला.

"जोडी कशी शोभते!" कुसुमकाकू म्हणाल्या.

मुलगी दाराशी उभी होती. व्हायोलिनचे सूर भरून आले होते, आणि तिला त्याचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. रिमोट हाताशी होता. तो काही गोड बोलत असला तर? सगळ्यांसमोर आपले हसे होईल. आणि गोड बोलत नसला तर? तेव्हा काय होईल, ते तर तिला माहीतच नव्हते. ताईच्या हातात वाढणीचा चमचा होता. दुसऱ्या हाताचा अंगठा मुठीत होता.

मुलीने आवाज बंद केला.

"...काल पहिल्यांदा फोन उचलला नाहीस, राणी. घरी चल, मग बघतो. पुन्हा या उंबऱ्याला पाय लागला तर सांग."

शब्द हळूच बोललेले होते, पण त्या शांत खोलीत ते भिंतीपर्यंत पोहोचले. जावयाने वर पाहिले. त्याचे हसू अजून तोंडावरच होते, काढून ठेवायचे राहून गेल्यासारखे.

"गंमत करत होतो हो," तो म्हणाला. "आमचं असंच चालतं. ए, लाव गं तो आवाज."

त्याने मुलीकडे पाहिले. तिचे बोट बटणाकडे गेले नाही.

"राहू दे बंद," कुसुमकाकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "बंदच राहू दे, पोरी."

आईने तुपाचे भांडे खाली ठेवले. "जावईबापू, जेवण पुरं करा. ती आज येणार नाही."

"आई, काय हे? तळहातावरच्या फोडासारखं जपतो मी तिला!"

आईने ताईची मिटलेली मूठ हातात घेतली. बोटे एकेक करून उघडली. आतला अंगठा दाबून दाबून पांढरा पडला होता.

"फोड माझ्या हातावर आहे," आई म्हणाली. "कळ मला आली."

जावई पान अर्धे टाकून उठला. उंबऱ्यात थांबून त्याने ताईला पुन्हा एकदा हाक मारली. ताई अर्धवट उठली. मग वडील, जे आजवर त्याच्यासमोर कधी मोठ्याने बोलले नव्हते, ते उठून दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी दोघी बहिणी बुवांच्या ओसरीवर बसल्या होत्या. भीती गेली नव्हती, तीही येऊन त्यांच्याजवळ बसली होती. मालिका सुरू झाली तेव्हा कुसुमकाकूंनी स्वतःच आवाज कमी केला. दिगंबरला आज थट्टा सुचली नाही. ताईचा फोन वाजू लागला. थांबला, पुन्हा वाजू लागला. ताईची मूठ मिटत चालली, तशी धाकटीने आपला हात तिच्या हातात सरकवला.

बुवा पेटीवर नुसते बोटे ठेवून बसले होते. भाता त्यांनी हलवला नाही.

फोन वाजत राहिला. हळूहळू ताईचा अंगठा बाहेर आला आणि त्याने बहिणीचा हात घट्ट धरला.

कोण चूक, कोण बरोबर हे जिथे ठरत नसेल, तिथे क्षणभर संगीत थांबवावे आणि कोण दचकते ते पाहावे.