थोरलीची चाळण

फार पूर्वी, मधून ओढा वाहणाऱ्या एका गावात दोन बहिणी राहत होत्या. थोरली या काठाला, धाकटी त्या काठाला. ओढा एवढासा, की उन्हाळ्यात शेळ्यासुद्धा खूर न भिजवता पलीकडे जात. पण या दोघींनी कित्येक वर्षांत एकमेकींच्या अंगणात पाऊल टाकले नव्हते. रविवारी दोघी एकाच प्रार्थनामंदिरात येत. एक पुढच्या बाकावर बसे, एक मागच्या. शेवटचे आमेन झाले, की एक या दाराने बाहेर, दुसरी त्या दाराने.

भांडण कशावरून? करंज्यांवरून!

एका नाताळला थोरली धाकटीकडे फराळ करायला आली होती. धाकटीच्या करंज्या तेलात पडल्या आणि पटापटा फुटल्या. शेजारच्या चार बायकांसमोर थोरली म्हणाली, "पीठ सैल मळलंस गं. तुला कधी जमायचं?" बायका हसल्या. धाकटीचे तोंड लाल झाले. "आधी तुझी जीभ घट्ट मळ, अक्का. मग माझं पीठ बघ!"

थोरलीने हातातला झारा खाली ठेवला, पदर झटकला आणि ती तडक निघून गेली. मैदा चाळायला आणलेली तिची चाळण मात्र धाकटीच्या घरी खिळ्यावर राहिली.

दिवस गेले. धाकटीचा नवरा प्रभूकडे गेला, मुले आपापल्या संसारासाठी लांब गेली. गावात सगळे तिला काकू म्हणत, कोणी मावशी, कोणी आजी. पण लहानपणी आईने तिला एक लाडाचे नाव ठेवले होते. त्या नावाने आता तिला कोणीच हाक मारत नव्हते. ते नाव माहीत असलेले गावात एकच माणूस उरले होते, आणि ते ओढ्याच्या पलीकडे होते.

आई दोघींना मांडीवर घेऊन सांगायची, "प्रभू आपल्या माणसांना नावाने हाक मारतो, बरं का पोरींनो." धाकटीने ते मनात जपून ठेवले होते. रोज दिवेलागणीला ती उंबरठ्याशी बसे आणि म्हणे, "प्रभू, एकदा तरी मला हाक मार. काहीतरी मोठं काम सांग. मी करीन."

मग ती डोळे मिटून वाट पाही. आणि डोळ्यांसमोर काय यावे? चाळण!

पहिल्यांदा तिला वाटले, स्वयंपाकाचा विचार मनात घोळत असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळण. मग तिने उपास केले. पोटात भूक आणि डोळ्यांपुढे चाळण. तिने प्रार्थनामंदिरातल्या मेजासाठी पांढऱ्या कापडावर द्राक्षांचे वेल भरले. सगळ्यांनी वाहवा केली, पाळकांनी सर्वांसमोर नाव घेतले. पण त्या संध्याकाळी उंबरठ्यावर पुन्हा तेच.

शेवटी ती पाळकांकडे गेली. "सलाम, पाळकसाहेब. एक विचारू? हसणार नाही ना?"

"विचारा की."

"मी प्रार्थनेला बसले की मला चाळण दिसते."

"चाळण? कसली?"

"पिठाची हो. घरी खिळ्याला आहे ती."

"तुमचीच आहे?"

धाकटीने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "नाही. अक्काची."

"मग देऊन टाका."

"अहो, मी प्रभूकडे मोठं काम मागतेय, आणि तो मला भांडीकुंडी दाखवतोय!"

पाळक हसले नाहीत. "बाई, मालकाने सांगितलेलं पहिलं काम अजून तुमच्या भिंतीवरच लटकलंय. दुसरं तो कशाला सांगेल?"

धाकटीला हे पटले, पण निम्मेच. घरी येऊन तिने बाजारातून एक कोरी, लखलखीत चाळण आणवली आणि दूधवालीच्या हाती पलीकडे धाडली. जुन्या चाळणीची कड एका जागी वाकली होती; अशी वस्तू कशी पाठवायची, अशी तिने मनाची समजूत घातली. खरे म्हणजे तिला स्वतःला जायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी दूधवाली ती नवी चाळण घेऊन परत आली. "घेत नाहीत बाई. 'माझी नव्हे ही' म्हणाल्या, आणि दार लोटून घेतलं."

"बघितलंस? एवढा ताठा!" धाकटीने चाळण कोपऱ्यात भिरकावली. त्या संध्याकाळी ती प्रार्थनेला बसलीच नाही. पण उंबरठा फार सुना सुना वाटला, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली.

नाताळ जवळ आला. एका सकाळी दूध मापता मापता दूधवाली म्हणाली, "कळलं का काकू? पलीकडच्या आजीबाई चालल्या. लेक न्यायला आलाय. त्यांना आता नीट दिसत नाही ना! ऊन कललं की गाडी निघणार. घराला कुलूप."

धाकटीने दुधाचे भांडे खाली ठेवले. गेल्या काही रविवारी अक्काचा मागचा बाक रिकामा दिसत होता, पण तिने कोणाला विचारले नव्हते.

दूधवाली गेली. धाकटीने घाईने परात ओढली आणि मैदा घेतला. लोकांचे भांडे रिकामे परत करू नये, ही आईची शिकवण. चार करंज्या करू, चाळणीत घालू, मगच जाऊ. तिने पीठ भिजवायला घेतले, सारण काढले, चूल पेटवली. लाकडे ओली होती. धूर झाला, डोळ्यांना पाणी आले आणि पेटता पेटता चूल विझली. ती पुन्हा फुंकायला वाकली, तेवढ्यात तिची नजर भिंतीकडे गेली.

खिळ्यावर चाळण होती. रिकामी.

"करंज्या मी मागितल्याच नव्हत्या," असे कोणी म्हणाले नाही. पण तिला अगदी तसेच वाटले.

ती उठली. पिठाचे हात तसेच, केस विस्कटलेले, रिकामी चाळण छातीशी धरलेली. ओढ्यावर धुणे धुणाऱ्या बायका हसल्या. "काय काकू, पाणी न्यायला आलात की काय चाळणीतून?" एरवी तिने चांगले दोन शब्द सुनावले असते. आज ती नुसती पाण्यात उतरली.

थोरलीच्या अंगणात गाडी जुंपलेली होती. गाठोडी बांधलेली होती. ओटीवर थोरली वाटेच्या दशम्यांसाठी पीठ चाळत होती. एका जुन्या पातळाच्या तुकड्यातून, हाताने चाचपत चाचपत.

पावलांची चाहूल लागून तिने मान वर केली. "कोण आहे?"

धाकटी ओटीजवळ आली. इतक्या वर्षांनी काय बोलायचे? शेवटी तिने चाळणीच्या कडेवर दोनदा थाप मारली, क्षणभर थांबली आणि पुन्हा एक मारली. लहानपणी पीठ चाळताना ती तशीच थाप मारी, आणि आई म्हणे, ही पीठ चाळते की ढोलकी वाजवते!

थोरलीचे हात थांबले.

"भिंगरे?" ती म्हणाली. "भिंगरे, तू आलीस?"

धाकटी तिच्याजवळ ओटीवर बसली. आईनंतर ते नाव तिने ऐकलेच नव्हते. थोरलीने हात पुढे केला, चाळण घेतली, वाकलेल्या कडेवरून बोट फिरवले. "हीच."

"अक्का, मी नवी पाठवली होती, ती का नाही ठेवून घेतलीस? कापडातून पीठ चाळत बसलीस ती?"

"वेडी का तू? चाळण आली असती घरात, तर तू कशाला आली असतीस?"

मग दोघी रडल्या. मग एकदम हसल्या, कारण थोरलीच्या गालावर पिठाची पाच बोटे उमटली होती.

लेकाने हाक दिली. थोरली गाडीत बसली आणि चाळण तिने धाकटीच्या हातात परत कोंबली. "ही राहू दे तुझ्याकडे. नाताळला घेऊन ये. तिकडे करंज्यांना लागेल. आणि पीठ घट्ट मळ गं बाई!"

गाडी वळणाआड जाईपर्यंत धाकटी अंगणात उभी होती.

संध्याकाळी ती उंबरठ्याशी बसली. काही मागितले नाही. डोळे मिटले. चाळण दिसली नाही. फक्त हाक आली, "भिंगरे." अक्काचा आवाज कानात राहिला होता, की तो दुसरा कोणाचा होता, हे तिला सांगता आले नसते. पण ती हळूच म्हणाली, "आले, प्रभू."

तात्पर्य: प्रभूने सांगितलेले काम चाळणीएवढे लहान असले, तरी आधी तेच करावे. आपण आयुष्यभर ज्या हाकेची वाट पाहतो, ती बहुधा त्याच कामाच्या दारात आपली वाट पाहत असते.