दोन म्हाताऱ्या वानरी आणि घळीवरची वाट

एका डोंगराच्या उतारावर, साग आणि ऐनाच्या रानात, वानरांची एक टोळी राहत असे. टोळीत सगळ्यांत म्हाताऱ्या अशा दोन वानरी होत्या, सख्ख्या बहिणी. एकीला सगळे थोरली म्हणत, दुसरीला धाकटी. दोघींच्या वयात एका उन्हाळ्याचंच अंतर, पण स्वभाव दोन टोकांचे.

थोरलीला चौकशा फार. कोणाच्या पिल्लाला दात आले, कोण कोणाशी भांडलं, ओढ्याकाठचा उंबर पिकला की नाही, हे कळल्याशिवाय तिला पान गोड लागत नसे. संध्याकाळी वानरं एकमेकांच्या अंगावरच्या उवा वेचत बसतात, ते तुम्ही पाहिलं असेल. तेव्हा जी पाठ हाती येईल तिला थोरली दिवसभराची हकिकत विचारी, आणि मग आपण पाहिलेलं ओळीने सांगे. आधी हे झाड, मग ते झाड. मध्येच चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. ऐकणारे जांभया देत.

"मावशी, कालही हेच सांगितलंत," एखादी म्हणे.

"काल त्या चिंचेला पालवी नव्हती गं," थोरली म्हणे आणि पुढे चालू.

धाकटी मात्र काळजीची. एका ऐनाच्या शेंड्यावर पाठ फिरवून बसायची आणि मनात घोकत राहायची : आज बिबट्या येईल, उद्या फांदी मोडेल, काल मला कोणी हाक मारली नाही, म्हणजे सगळ्यांचा माझ्यावर राग असणार. उवा वेचायला बोलावलं तरी येत नसे. "नको बाई, कोण काय बोलेल," म्हणायची. तिचा तो गंभीर चेहरा पाहून सगळ्यांना वाटे, ही मोठी विचारी आहे. थोरलीला मात्र सगळे भोचक म्हणत. आता चौकशी करणं म्हणजे भोचकपणा, असं लोक का म्हणतात ते मला काही कळत नाही, पण म्हणतात खरं.

एका उन्हाळ्यात रानात वणवा लागला. वानरं खडकावर चढून बसली म्हणून वाचली, पण उतारावर हिरवं पान राहिलं नाही. चार दिवस त्यांनी सालं खाऊन काढले. एका लेकुरवाळीचं दूध आटलं. तिचं पिल्लू आधी रडायचं, चौथ्या दिवशी रडेनासं झालं.

पलीकडच्या डोंगरावर झाडं हिरवीगार दिसत होती. पण मध्ये खोल घळ, आणि घळीच्या तळाशी बिबट्याची वस्ती. मात्र एक जागा अशी होती, जिथे अलीकडच्या झाडाची फांदी पलीकडच्या झाडाला टेकत असे. फार पूर्वी अशाच एका वणव्यानंतर टोळी तिथूनच पार झाली होती. त्या वेळची वानरं आता दोनच उरली होती, थोरली आणि धाकटी.

टोळीचा पुढारी होता एक दांडगा हुप्प्या. वानरांमध्ये मुली माहेरीच राहतात आणि हुप्प्या बाहेरून येतो, आपल्याकडच्या घरजावयासारखा. त्याला या डोंगराची माहिती कुठून असणार? तो म्हणाला, "धाकट्या मावशींना पुढे घालू. जी इतकी काळजी करते, तिच्या सगळं ध्यानात असणारच."

"मलाही थोडं आठवतं बरं का," थोरली म्हणाली.

"मावशी, तुम्ही वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत बसाल," लेकुरवाळी म्हणाली. "इथे माझ्या पिल्लाचा जीव चाललाय."

थोरली मागून चालू लागली.

धाकटी पुढे निघाली ती एका उंच कड्यापाशी थांबली. ती म्हणाली, "इथेच बिबट्या उभा होता. डोळे पिवळे, असे रोखलेले."

"बरं, इथून वाट कुठे जाते?" हुप्प्याने विचारलं.

"त्याची शेपटी हलत होती."

"मावशी, झाड कोणतं होतं?"

"झाडाकडे कोण बघतंय? मी बिबट्याकडे बघत होते."

ती सगळ्यांना घेऊन आणखी भटकली आणि फिरून त्याच कड्यापाशी आली. दुपार झाली. शेवटी धाकटी मटकन खाली बसली. "मला आठवत नाही. असंच होणार, हे मला ठाऊकच होतं."

लेकुरवाळी थोरलीकडे वळली. तिने पिल्लू पुढे केलं. थोरलीने पिल्लाच्या पोटाला हात लावून पाहिला आणि लगेच मोठ्याने म्हणू लागली, "ओढ्याकाठचा उंबर डाव्या हाताला. मग जोडीने उभे दोन मोह. मग वीज पडलेला साग." झाडं जळली होती, पण खोडं जागच्या जागी होती. थोरली एकेक नाव घेत होती आणि ते ते खोड समोर येत होतं.

अशी टोळी घळीच्या काठावर आली. तिथे खडकात वणव्यातून वाचलेली दोन झाडं घळीवर झुकलेली होती, एक बेहडा आणि एक सावर. दोन्ही उन्हाळ्याची, पानं गाळून उघडी, आणि लांबून दोन्हींच्या फांद्या पलीकडे पोचल्यासारख्याच दिसत. थोरली थांबली.

"या दोहोंतलं कोणतं, ते मात्र डोक्यातून गेलं बघा."

"बघा, तिलाही आठवत नाही," धाकटी म्हणाली. सगळ्यांचे चेहरे पडले. चुकीच्या फांदीवरून पिल्लांसकट उडी घेतली, तर खाली बिबट्याच होता.

थोरली ना घाबरली, ना लाजली. सावरीच्या खोडावर एक धनेश पक्षी चोचीत फळ धरून बसला होता. त्याची बायको ढोलीत होती. धनेशाची मादी अंडी घालताना ढोलीचं तोंड लिंपून आत बसते आणि नवरा फटीतून तिला भरवतो.

"काय भाऊ, वहिनी अजून आतच का?" थोरलीने विचारलं.

"मावशी, ही काय वेळ आहे?" हुप्प्या वैतागला.

धनेशाने फळ फटीतून आत दिलं, तेव्हा कुठे त्याची चोच मोकळी झाली. "आतच आहे. परवा अंडी फुटली."

"किती पिल्लं?"

"दोन."

"छान झालं. फळं पलीकडूनच आणत असाल. मग हे सांगा, या दोन झाडांपैकी पलीकडे कोण टेकतं?"

"बेहडा. सावरीची फांदी अर्ध्यातच संपते," धनेश म्हणाला.

हुप्प्याने हळूच विचारलं, "म्हणजे मावशी, तुम्हाला आठवत नव्हतं?"

"अर्धं आठवत होतं. उरलेलं विचारलं."

थोरली आधी स्वतः बेहड्यावरून पलीकडे गेली आणि मग तिने लेकुरवाळीला बोलावलं. एकामागून एक सगळी वानरं पार झाली. राहिली धाकटी. ती फांदीला घट्ट धरून म्हणत होती, "मोडणार. माझ्याच वेळी मोडणार."

थोरली अर्ध्यापर्यंत परत आली. "मोडली तर बघू. तू खाली बघू नकोस. या फांदीला गाठी किती आहेत, तेवढं मला सांग. माझ्या मोजायच्या राहिल्या."

धाकटी कुरकुरली, पण एकेका गाठीवर हात ठेवत पुढे सरकली. पलीकडच्या झाडावर पोचली तेव्हा म्हणाली, "अकरा."

दोन दिवस पाला खाल्ल्यावर लेकुरवाळीला पान्हा फुटला आणि पिल्लू पुन्हा रडू लागलं. बिबट्याची भीती काही धाकटीच्या मनातून पुरती गेली नाही, म्हातारपणी स्वभाव इतका कुठे बदलतो? पण पुढे जन्मभर, कोणीही विचारलं, तरी ती क्षणात सांगे, "बेहडा. गाठी अकरा."

तात्पर्य : आठवण वयाने जाते, तशी स्वभावानेही जाते. जो भीतीच घोकतो त्याच्यापाशी शेवटी भीतीच उरते. जो डोळे उघडे ठेवून बघतो, रोजच्या रोज त्याची उजळणी करतो आणि विसरलेलं विचारायला लाजत नाही, त्याला म्हातारपणीही वाट सापडते.