सावलीत ठेवलेला पापड

पापडांसाठी पंचक्रोशीत नाव असलेल्या एका गावात एकदा एक वृद्ध डॉक्टर राहत असत. त्यांचे वडील नाडी पाहणारे वैद्य होते. म्हणून गावाने डॉक्टरांच्या पदव्यांकडे खुशाल काणाडोळा करून त्यांनाही वैद्यबुवाच करून टाकले होते आणि त्यांचीही त्याला हरकत नव्हती. त्यांच्या हाताखाली चारुलता नावाची तरुण डॉक्टर अनुभव घेत होती. बुद्धीने तल्लख, मनाने हळवी आणि राग मात्र नाकाच्या शेंड्यावर.

त्याच गावात गुरुनाथशेठ हे पापडांचे मोठे व्यापारी. चैत्र लागला की त्यांच्या तिमजली घराची गच्ची पापड, कुरडया आणि सांडग्यांनी भरून जाई. शेठ रोज सकाळी स्वतः गच्चीवर उभे राहून ऊन पाहत. कोणते ऊन पापडाला मानवते, कोणते त्याला तडकवते, आलेला ढग टिकणारा की सरकणारा, हे सारे ते बसल्या जागी सांगत. उन्हाची इतकी पारख असलेला माणूस त्या भागात दुसरा नव्हता. आणि त्याच घरातली सून कस्तुरी हिच्या अंगाला मात्र लग्न झाल्यापासून धड ऊन लागले नव्हते!

पहिली काही वर्षे त्याला कारण होते प्रतिष्ठेचे. सून गच्चीवर दिसली तर लोक म्हणतील, शेठने घरच्या लक्ष्मीला पापड वाळवायला लावले. पुढे त्याहून मोठे कारण घडले. दोन वर्षांपूर्वी कस्तुरीला मुलगी झाली आणि नवव्या दिवशी त्या बाळाला आकडी आली. घाईघाईने तिला वैद्यबुवांच्या दवाखान्यात आणले, तेव्हा चारुलतेनेच तिला हातात घेतले होते. सगळे उपाय झाले, पण ती मुलगी वाचली नाही. चारुलता ते वजन अजून विसरली नव्हती.

आता कस्तुरीला पुन्हा पाचवा महिना लागला होता. शेठाणींनी तिला माजघरात ठेवले होते. खिडकीला जाड पडदा, दाराला लिंबू-मिरची, पायाखाली गालिचा. वारा नको, ऊन नको, कुणाची दृष्ट नको. यात दुष्टावा तिळभरही नव्हता. एकदा पोळलेल्या जीवाची ती माया होती, आणि म्हणूनच तिच्याशी वाद घालणे अवघड होते.

वैशाखात एके सकाळी वैद्यबुवांना बोलावणे आले आणि ते चारुलतेला घेऊन गेले. कस्तुरीची कंबर आणि मांड्या दुखत होत्या, बसली की भिंत धरल्याशिवाय तिला उठता येत नव्हते. महिन्यापूर्वीच्या रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व फारच कमी आले होते आणि वैद्यबुवांनी आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायला सांगितली होती. चारुलतेने पुड्यांची चौकशी केली, तेव्हा कस्तुरीने मान खाली घातली. शेठाणींनी फडताळातून बिस्किटांचा डबा काढून पुढे ठेवला. चारही पुड्या जशाच्या तशा आत होत्या.

चारुलतेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काही बोलणार, तोच वैद्यबुवांनी हाताने तिला थांबवले आणि शेठाणींना शांतपणे कारण विचारले.

"पहिल्या खेपेला तुमच्या सगळ्या गोळ्या मी हिला वेळच्या वेळी दिल्या, वैद्यबुवा," शेठाणी म्हणाल्या. "एक चुकवली नाही. आणि लेकरू माझ्या मांडीवरून गेलं. आता या पोटाला मी औषध लागू देणार नाही."

म्हाताऱ्याच्या शब्दाखातर एवढी एक पुडी आत्ता माझ्यासमोर घेऊ द्या, अशी वैद्यबुवांनी विनवणी केली. शेठाणींनी नाइलाजाने दूध आणले आणि कस्तुरीने ती घेतली. त्यानंतर मात्र वैद्यबुवांनी जे केले त्याचा चारुलतेला काही अर्थच लागेना. त्यांनी गच्चीवरून नुकताच घातलेला तांदळाचा एक ओला पापड मागवला, शेठाणींकडून रेशमी फडके घेतले, पापड त्यात अलगद गुंडाळला आणि माजघराच्या फडताळात ठेवायला सांगितले. याला वारा लागू देऊ नका, ऊन लागू देऊ नका, कुणाची दृष्ट लागू देऊ नका, असे शेठ, शेठाणी आणि कस्तुरी अशा तिघांना बजावून ते निघाले.

वाटेत चारुलतेने मनातला सगळा राग ओकून टाकला. चार आठवडे वाया गेले, तिथे खडसावून सांगायचे सोडून सर पापड कसले गुंडाळत बसले? हेही बाळ तसेच आपल्याच हातात यायचे आहे का? वैद्यबुवा एवढेच म्हणाले की, या आठवड्याची पुडी पोटात गेली आहे, पुढची आठ दिवसांनी. तोवर पापडाला त्याचे काम करू दे.

आठ दिवसांनी दोघे पुन्हा गेले, तर फडताळाजवळ कुबट वास सुटला होता. शेठाणींनी फडके उलगडले. पापडावर हिरवीकाळी बुरशी चढली होती. शेठ व्यापारी माणूस, त्यांना माल नासलेला कुठून बघवणार! ओला पापड आठवडाभर फडक्यात ठेवायचा असतो का, आमच्या घरचे पोरही सांगेल, असे ते कुरकुरू लागले.

"पण शेठ, फडकं रेशमी होतं," वैद्यबुवा म्हणाले. "तुम्ही तर त्याला जिवापाड जपलंत."

"जपून काय होतंय? पापडाला ऊन लागतं."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात ड्रायर लावतो. ऊन नाही म्हणून माल थोडाच सोडून देतो?"

हे बोलता बोलता शेठचा आवाज उतरला. त्यांची नजर पापडावरून माजघराच्या पडद्याकडे गेली, तिथून भिंत धरून उभ्या असलेल्या सुनेकडे. चारुलतेलाही त्याच क्षणी सगळे उमगले आणि आठ दिवसांपूर्वीचे आपले बोलणे आठवून ती ओशाळली.

वैद्यबुवा मात्र शेठकडे नव्हे, शेठाणींकडे वळले. "वहिनी, अंगाला ऊन लागलं की शरीर ड जीवनसत्त्व स्वतः तयार करतं. ते नसेल तर दूध प्या, नाचणी खा, त्यातलं कॅल्शियम हाडांना नीट पोचत नाही. बाळ आपला वाटा आईकडून घेतं. आईपाशीच नसेल तर बाळ रिकामं येतं, आणि कधी कधी अशा बाळाला आकडीही येते. तुमच्या नातीला त्यामुळेच आली, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तेव्हा मी ते तपासलं नाही. चूक असेल तर ती माझी. गोळ्यांची नव्हे, आणि तुमची तर मुळीच नव्हे. सकाळी हिला गच्चीवर बसू द्या. पण जे इतक्या दिवसांत रिकामं झालंय ते नुसत्या उन्हानं वेळेत भरायचं नाही, आणि पुढे पावसाळा आहे. ही पुडी म्हणजे हिचा ड्रायर समजा."

दोन वर्षे त्या बाईने स्वतःला मनातल्या मनात दोषी धरले होते. मुळीच नव्हे हे दोन शब्द ऐकले आणि त्या पदर डोळ्यांना लावून रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी बिस्किटांचा डबा काढला आणि पुडी रविवारी द्यायची की सोमवारी, एवढेच विचारले. शेठचा उत्साह तर असा उतू गेला की रोजच एक दिली तर, असे ते म्हणू लागले.

"ड्रायर दुप्पट वेळ चालवलात तर?" वैद्यबुवांनी विचारले.

"पापड तडकतो," शेठ म्हणाले आणि स्वतःच हसले. सांगू तेवढ्याच पुड्या घ्यायच्या आणि मग रक्त पुन्हा तपासायचे, असे ठरले.

परतताना चारुलतेने क्षमा मागितली. वैद्यबुवा म्हणाले, "अगं, मी खडसावलं असतं तर एक पुडी भीतीनं गेली असती. उरलेल्या मी गेल्यावर कुणी दिल्या असत्या? औषध देणारा हात त्या घरातच होता. तो घाबरलेला होता, एवढंच."

पावसाळा आला. शेठच्या तळमजल्यावर ड्रायर घुमू लागला आणि माजघरात दर रविवारी दुधाचा पेला जाऊ लागला. श्रावणातल्या तपासणीत आकडा वर आला. कस्तुरी आता भिंत न धरता उठू लागली होती. आश्विनात तिला मुलगी झाली, चांगली खणखणीत रडणारी.

नवव्या दिवशी चारुलता बाळाचे वजन करण्याचे निमित्त काढून शेठच्या घरी गेली. शेठाणी सकाळपासून नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, चहासुद्धा घेतला नव्हता. चारुलता जवळ जाऊन बसली. आज कोणता दिवस आहे, हे दोघींपैकी कुणीच बोलले नाही. दुपार गेली, ऊन भिंतीवरून खाली उतरले. बाळ दोनदा शिंकले, एकदा हसल्यासारखे केले आणि भूक लागून रडायला लागले. तेव्हा शेठाणींनी खोल श्वास सोडला, वैद्यबुवांनी बाळासाठी दिलेली ड जीवनसत्त्वाच्या थेंबांची बाटली उचलली आणि सांगितले होते तेवढेच थेंब चमच्यात नीट मोजून घातले.

दहाव्या दिवशी सकाळी शेठ पापड पाहायला गच्चीवर गेले. पूर्वेच्या कोपऱ्यातले सगळ्यात चांगल्या उन्हाचे ठिकाण त्यांनी मोठ्या मालासाठी राखून ठेवले होते. तिथे सतरंजी अंथरलेली होती आणि कस्तुरी पाठीवर ऊन घेत बसली होती. बाळ तिच्या पदराच्या सावलीत झोपले होते. मग पापड कुठे घालायचे, असे शेठ विचारू लागले.

"पापड सरकवा," शेठाणी म्हणाल्या.