अध्यक्षांचे वजन

माणूस जेटी समितीचा अध्यक्ष झाला की त्याला लोकांच्या न्हाणीघरातलेही सगळे कळू लागते! मुरडे बंदरातल्या यमुनाताई खडपे यांच्या हाउसबोटीवरचा गीझर गंजून फुटला. ऐन सीझनमध्ये पाहुण्यांना गरम पाणी हवेच, म्हणून त्यांनी एक छोटा गीझर पसंत केला. अध्यक्ष रावसाहेब चाळके यांनी मात्र मेव्हण्याच्या दुकानातली दोनशे लिटरची गरम पाण्याची टाकी परस्पर टेम्पोतून आणली आणि स्वतःही धक्क्यावर हजर झाले.

"हीच बसवायची. नाहीतर तुमची बोट जेटीला लागणार नाही."

"रावसाहेब, न्हाणीघर डाव्या अंगाला आहे. एवढ्या ओझ्याने बोट कलेल."

"घाबरता काय? वरपर्यंत माझं वजन आहे. ते टाकतो तुमच्या बाजूने, मग तर झालं?"

धक्क्यावरची माणसे कान टवकारून उभी होती. यमुनाताईंनी हात जोडले.

"उपकार होतील. पण माझ्या बाजूने नको, बोटीच्या उजव्या बाजूने टाका. टाकी भरलेली आहे तोवर तिथून हलायचं मात्र नाही. जेवण जागेवर देईन. तिसऱ्यांचं कालवण चालतं ना?"

कुणीतरी लगेच बोटीत खुर्ची मांडली. "बसा साहेब! सीझन काय, मे अखेर संपतो."

सगळा धक्का खदखदा हसला. रावसाहेबांनी टेम्पोवाल्याला टाकी परत न्यायची खूण केली.

"आणि जेटीचं?" यमुनाताईंनी सर्वांदेखत विचारले.

"लावा हो बोट! आधी ती खुर्ची उचला."