गडग्यातली फट

“सांगा ना बाबा, माझी भिंत पडली आणि तुमचा गडगा उभा... असं का?”

विचारत होता रावजी मेस्त्री, पण आवाजात भांडण होतं. पन्नास वर्षं चिरा घडवलेला माणूस. त्याने रचलेल्या भिंतीत मुंगी शिरत नाही, असं अख्खी खाडी म्हणायची. ते ऐकून त्याची मान एकदा ताठ झाली, ती पुन्हा लवली नाही.

समुद्राने किनारा खायला घेतला तशी वाडीतली माणसं वर कातळाच्या सड्यावर राहायला गेली. रावजीचा मुलगा जयराम हात जोडून म्हणाला, “चला, आबा.”

“गेलास तर तोंड दाखवू नकोस.”

जयराम गेला. खाली उरलं एक घर आणि एक माणूस. त्याने घराभोवती सिमेंटची बंद भिंत घातली. दोन पावसाळ्यांत ती दोनदा पडली. परवाच्या उधाणाला तिसऱ्यांदा.

म्हणून तो टोकावरच्या पिराजवळ आला होता. तिथे हसनबाबा फकीर एकटाच राही. त्याच्या झोपडीभोवती छातीएवढा गडगा होता. नुसता दगडावर दगड. मध्ये ना चुना, ना माती.

बाबा आत बसला होता. रावजी बाहेर उभा.

समुद्राच्या अंगाला लाट आली, गडग्यावर फुटली, फटींतून आत शिरली आणि फटींतूनच मुकाट बाहेर गेली.

“तुझ्या भिंतीवरून लाट मागे फिरते ना?”

“फिरते. थेंब आत येत नाही.”

“आपटून फिरते. जाताना पायाखालची वाळू ओढून नेते.”

“मग पाया आणखी खोल घेतो.”

“घे की. समुद्राला कुठे घाई आहे?”

रावजीने कपाळावरचा घाम पुसला. उन्हाने घसा सुकला होता. तेवढ्यात गडग्याच्या फटीतून एक हात बाहेर आला. हातात करवंटी, करवंटीत पाणी.

रावजी प्यायला. दुसऱ्याच्या हातचं पाणी याआधी कधी प्यालो, ते त्याला आठवेना...

“चवथीला येऊन गेला,” तो एकाएकी म्हणाला.

“कोण?”

“जयराम. भिंतीबाहेर उभा राहून ‘आबा, आबा’ करत होता. ऊन उतरेपर्यंत. मी आतून हूं की चूं केलं नाही.”

लाट आली. गेली.

“फट म्हणून ठेवली नव्हती मी त्या भिंतीत, बाबा. एकसुद्धा नाही.”

“नक्की?”

“मेस्त्री आहे मी! शपथेवर सांगतो.”

बाबाने रिकामी करवंटी परत घ्यायला फटीतून हात पुढे केला.

“मग त्याची हाक आत आली कुठून?”