तेल्याच्या पडवीतला मुक्काम

राजा सोमकेतूच्या नगरीत मुक्काम करायचा तर अट एकच होती. जागा पाहुण्याने निवडायची आणि तिसऱ्या दिवशी राजा स्वतः येऊन तिच्यात खोट काढणार. उत्तर देता आलं तर खुशाल राहा. नाही आलं, तर सूर्य मावळायच्या आत वेशीबाहेर! परगावचे लोक नको तिथे उतरतात, ढेकूण चावले की घरी जाऊन नगरीची बदनामी करतात, असं राजाचं म्हणणं होतं. नदीकाठी उतरलेल्याला तो म्हणायचा, "डास!" देवळापाशी उतरलेल्याला म्हणायचा, "घंटा!" तीन वर्षांत एकही पाहुणा टिकला नव्हता. धर्मशाळांचे कारभारी माशा मारत बसले होते, पण बदनामी मात्र पूर्ण थांबली होती.

अशा नगरीत माळेवाडीची गोजरा बापाला घेऊन आली. तिच्या बापाच्या, तुळाजीच्या, डोळ्यांवर पडदा आला होता आणि त्यावरचं औषध फक्त इथल्या राजवैद्यांकडे होतं. वैद्यबुवांनी औषध घालून दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली.

"सात दिवस रोज दोन वेळा माझ्याकडे यायचं. खंड पडला, तर डोळे कायमचे गेले म्हणून समज!"

औषधाच्या बदल्यात गोजरेने दिवसभर वैद्यांकडे मुळ्या कुटायच्या, असं ठरलं. म्हणजे तुळाजीने यायचं-जायचं एकट्यानेच. तिने अख्खी नगरी पालथी घातली, चांगल्या चांगल्या जागा नाकारल्या आणि अखेर एका तेल्याच्या घाण्याला लागून असलेली पडवी निवडली. ज्याने ऐकलं त्याने कपाळाला हात लावला.

तिसऱ्या दिवशी राजा लवाजम्यासह पडवीसमोर उभा राहिला. खोट काढायला इतकी सोपी जागा त्याला बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती.

"पोरी, वाटेत तांबट आळी आहे. ठोकाठोकीने कान किटतात!"

"व्हय, महाराज," गोजरा म्हणाली. "वैद्यांच्या दारातनं निघालं की माझा बा त्या ठोकाठोकीच्या रोखानंच चालतो. डोळं बांधल्यात न्हवं त्याचं."

राजाने नाक मुरडलं. "पुढे रंगाऱ्याचे निळीचे रांजण आहेत. काय तो वास! नाक धरावं लागतं!"

"तितंच डावीकडं वळायचं असतंय. बानं नाक धरलं, तर वळण चुकंल."

"आणि हा घाणा? दिवसभर आपली करकर!"

"त्या करकरीवर घर घावतं, महाराज."

"घाणा थांबला म्हणजे?"

"मग तेलीणबाई बोलाय लागत्यात."

तेलीणबाईंना यावर काही म्हणायचं होतं, पण घाणा चालू होता.

राजाने खाली बोट दाखवलं. "ही पायरी मोडकी आहे!"

"साऱ्या गल्लीत हीच एक मोडकी हाय. पाय डुगडुगला की बा वळखतो, आलं घर!"

प्रधानजींनी उपरण्यात तोंड लपवलं. राजा लालबुंद झाला.

"बोलायला काय जातंय! नगरीत सर्वांत उत्तम जागा म्हणजे आमचा राजवाडा. काढ त्यात खोट! नाही निघाली, तर आत्ताच्या आत्ता गाठोडं बांध!"

गोजरेने बापाच्या पट्टीकडे पाहिलं. अजून चार दिवस उरले होते. तिला रडू येत होतं, पण रडायला सवड नव्हती.

"खोट हाय, महाराज. डोळं बांधून राजवाडा घावत न्हाई."

"अगं, आम्ही तिथेच जन्मलो!"

"मग बांधा की पट्टी!"

सगळे वैद्यांच्या दारापाशी गेले. राजाच्या डोळ्यांवर पट्टी चढली. "कुणी मधे तोंड उघडलं, तर गाठ आमच्याशी आहे!" असं बजावून राजा एकीकडे निघाला आणि काठी टेकत तुळाजी दुसरीकडे.

राजवाड्याच्या आसपास कसलाही आवाज नको आणि कसलाही वास नको, असा खुद्द राजाचाच हुकूम होता. चारी रस्ते सारखेच स्वच्छ आणि सारखेच गप्प. राजा ताठ मानेने चालत राहिला. एका गाईला धडकल्यावर तो म्हणाला, "प्रधानजी, बाजूला व्हा!" मागून येणारे प्रधानजी सवयीने बाजूला झाले. पाण्याच्या हौदाला राजाने दोन प्रदक्षिणा घातल्या. अखेर दुरून कसलासा आवाज कानी आला, तसा तो सुटकेचा श्वास टाकून तिकडे वळला. मधेच त्याने नाक धरलं. मग पायाखाली काहीतरी डुगडुगलं आणि राजा समाधानाने खाली बसला.

"पोचलो!"

"या पाव्हणं," शेजारून आवाज आला. तुळाजी केव्हाच येऊन भाकरी खात बसला होता. "भाकरी खाणार का?"

राजाने पट्टी ओढून काढली. समोर घाणा होता, बैल होता, तेलीणबाई होत्या. मागे अख्खा दरबार मान खाली घालून उभा होता.

गोजरेने वाकून मुजरा केला.

"महाराज, सारी नगरी मोकळी हुती. पर तुमी सोताच्या पायानं हितंच मुक्कामाला आलासा! आता खोट जागंत काढायची, का तुमच्या निवडीत?"

राजा असा हसला, की घाण्याचा बैल बुजला. प्रधानजींनीही उपरणं बाजूला करून मोकळेपणी हसून घेतलं. हसू आवरल्यावर राजाने तिथेच भाकरीचा एक तुकडा मोडून घेतला आणि पाहुण्यांवरची अट त्याच बैठकीत रद्द केली. गोजरेला जरीचं लुगडं, बैलजोडी आणि परतीसाठी नवी गाडी मिळाली.

सातव्या दिवशी वैद्यबुवांनी पडवीत येऊन पट्टी सोडली. तुळाजीला लख्ख दिसू लागलं. गोजरा आनंदाने ओक्साबोक्शी रडली. तुळाजीने लेकीला डोळे भरून पाहिलं, मग सावकाश मान फिरवून आजूबाजूला पाहिलं.

"गोजरे," तो म्हणाला, "एवढ्या मोठ्या नगरीत तुला हीच जागा घावली व्हय गं?"